लायमन ऑर्डवेची तेवीस घुंगरं

पितळ खोटं बोलत नाही. आमच्या लोअर पेल्टन गावच्या इतिहास मंडळाच्या दारावर हे वाक्य पितळी पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी पितळेची नाही. पत्र्याला पितळी रंग दिलेला आहे आणि मंडळाचा चिटणीस या नात्याने तो मीच दिला. अप्पर पेल्टन नावाचं गाव कुठेही नाही. मग आमचंच गाव ‘लोअर’ का, यावर मंडळाने एकदा पुस्तिका काढली होती. तिचा निष्कर्ष असा, की कारण कळत नाही. व्हरमाँट राज्यातल्या इतिहास मंडळांच्या मानाने हे बरंच ठाम उत्तर आहे.

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये मंडळाला ग्रेंज हॉलची, म्हणजे शेतकरी संघटनेच्या जुन्या सभागृहाची, खालची खोली कायमची मिळाली. त्यात काचेची तीन कपाटं मांडायची होती. दोन भरली. एकात लोणी घुसळायची यंत्रं, दुसऱ्यात कोणाची ते माहीत नसलेल्या माणसांचे फोटो. तिसरं रिकामं होतं आणि तेवढ्यात थर्झा ऑर्डवेचा फोन आला.

“एल्डन, मी मे महिन्यात रटलंडच्या वृद्धाश्रमात चालले आहे. तिथे भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. बाबांची घुंगुरमाळ मंडळाला देते.”

मी आभार मानले.

“अजून दिलेली नाही,” ती म्हणाली. “अट आहे. घरी ये. आणि येताना बूट पुसून ये.”

थर्झा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने तिसरीत शिकवलं होतं. मला तिने भागाकार शिकवला आणि तो मला आला नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आहे. मी आता कॉलेजात इतिहास शिकवतो, पण तिच्या स्वयंपाकघरात शिरताना माझे हात अजून आपोआप खिशातून बाहेर येतात.

माळ दाराच्या मागे टांगलेली होती. माणसाच्या उंचीपेक्षा लांब चामडी पट्टा, त्यावर पितळेची तेवीस घुंगरं, अक्रोडापासून छोट्या सफरचंदापर्यंत सगळ्या आकारांची. बऱ्याच घुंगरांवर पाकळ्या कोरलेल्या. बर्फगाडीला घोडा जुंपला की ही माळ त्याच्या पोटाभोवती बांधायची. बर्फावर टापांचा आवाज होत नाही, तेव्हा समोरच्याला कळावं म्हणून.

“अट अशी,” थर्झा म्हणाली, “की खाली जे कार्ड लावाल, त्यावर ही घुंगरं बाबांकडे कशी आली ते लिहायचं. खरं असेल ते.”

“कशी आली?”

“ते तू शोधायचंस. मी विचारायची तेव्हा बाबा एकच शब्द बोलायचे. ‘मिळालं.’ दर हिवाळ्यात पट्ट्यावर एखाद-दोन नवीन दिसायची. कुठून? मिळालं. मी विश्वास ठेवला. आता जाण्याआधी मला एवढंच कळायला हवं, की मी बरोबर होते की फक्त आज्ञाधारक होते.”

हे ती का विचारते आहे, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चर्चमध्ये शनिवारी बीन्सचं जेवण असलं की एव्हरेट स्टिकनी दुसऱ्या वाढीनंतर थर्झाच्या बाबांवर, लायमन ऑर्डवेवर, यायचाच. एव्हरेट आमच्या मंडळाचा अध्यक्ष, वय त्र्याऐंशी, थर्झाचा वर्गमित्र. त्याचं म्हणणं साठ वर्षांत बदललेलं नव्हतं. लायमनचा हात चोरटा होता. त्या माळेत एका घुंगरावर ‘S’ आहे. S म्हणजे स्टिकनी. ते आमच्या बाबांचं. थर्झा पलीकडच्या टेबलावर बसून हे ऐकायची आणि पाव आणखी पातळ कापायची.

मंडळाने कनेटिकटहून मिसेस टटल नावाच्या बाईंना बोलावलं. जुन्या घुंगरांची ओळख पटवणं आणि किंमत ठरवणं हाच त्यांचा धंदा. बाई बुटक्या, कमी बोलणाऱ्या. सोबत एक पत्र्याचा डबा, त्यात लोहचुंबक, दात तपासायचा आरसा, दातांचाच ब्रश आणि भिंग. डबा उघडल्यावर एव्हरेट म्हणाला, “माझे खोटे आहेत. काढून ठेवू का?”

“घुंगरं आधी,” मिसेस टटल म्हणाल्या.

हॉलमध्ये आम्ही सहा जण होतो. बाहेर मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करण्याचे दिवस, त्यामुळे कोणीतरी परातीत बर्फ भरून आणला होता आणि त्यावर गरम पाक ओतून खाणं चाललं होतं, सोबत लोणच्याची आंबट काकडी. मिसेस टटलनी काकडी घेतली, पाक घेतला नाही. थर्झाने हे पसंत केल्याचं मला दिसलं.

बाईंनी आधी चुंबक लावला. तो चिकटला नाही, फक्त आतल्या लोखंडी गोळ्या त्याच्या मागे सरकल्या. मग एकेक घुंगरू आरशाने आतून पाहिलं, कडी पाहिली, चीर पाहिली, आणि कानाशी धरून एकदाच हलवलं. वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. व्हरमाँटमध्ये याला गप्पा रंगणं म्हणतात.

“ओतीव पितळ आहे,” बाई म्हणाल्या. “पत्रा ठोकून केलेलं एकही नाही. चांगला माल. साधारण अठराशे सत्तर ते एकोणीसशे.”

“आणि S?” एव्हरेटने विचारलं.

बाईंनी ते घुंगरू ब्रशने घासलं, भिंगाखाली धरलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

“हा 5 आहे. पाच.”

“S आहे.”

“वरची आडवी रेघ झिजली आहे. पाच नंबर. आकाराचा नंबर असतो तो, चपलेला असतो तसा. त्याच्या शेजारचा आठ आहे, पलीकडे अकरा. कारखान्यात साच्यातच यायचा. स्टिकनी आडनावाचा यात काही संबंध नाही.”

एव्हरेटने भिंग दोनदा जवळ-लांब केलं. “आमच्या बाबांनी स्वतः दाखवला होता मला.”

“त्यांना चष्मा होता?” थर्झाने विचारलं.

“नव्हता.”

“लागत होता पण,” थर्झा म्हणाली. “चर्चमध्ये भजनांचं पुस्तक उलटं धरायचे.”

साठ वर्षं आणि एक झिजलेली रेघ. मला वाटलं काम झालं. पण मिसेस टटल पट्टा उलटा करून पाहत होत्या.

“हे जास्त गमतीचं आहे,” त्या गंमत वाटत नसलेल्या आवाजात म्हणाल्या. “दुकानातून आणलेल्या माळेत घुंगरं एका घराण्याची असतात. एकच नक्षी, आकार पाठीकडे मोठा होत गेलेला. इथे सात प्रकारची नक्षी आहे. आठ पाकळ्या, सहा पाकळ्या, नुसती रेघ. काहींना एक चीर, काहींना फुलीसारख्या दोन. आणि भोकं बघा. एका हाताने पाडलेली आहेत, पण एका दिवशी नाही. ही जुनी, कडा गुळगुळीत. ही नवीन. प्रत्येक घुंगराची कडी आधी दुसऱ्या कुठल्यातरी चामड्यावर झिजली आहे. हा पट्टा एकेक करून भरलेला आहे.”

“म्हणजे सात जणांची चोरली,” एव्हरेट म्हणाला. त्याला थोडा धीर आला होता.

“चोर अख्खी माळ नेतो,” मिसेस टटल म्हणाल्या. “एक घुंगरू सोडवायला पक्कड लागते, दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ते वाजत असतं.” मग त्यांनी भिंग डब्यात ठेवलं. “पेनसिल्व्हेनियात घोड्यांच्या मालवाहू गाड्या हाकणाऱ्यांची एक रीत होती म्हणतात. गाडी रुतली आणि दुसऱ्याने ओढून काढली, तर आपली घुंगरं उतरवून त्याला द्यायची. घुंगरांशिवाय गावात शिरलं की सगळ्यांना कळायचं. तुमच्याकडे होती का ही रीत?”

 मी एव्हरेटकडे पाहिलं, कारण तो परातीकडे पाहत होता.

“होती,” तो शेवटी म्हणाला. “अख्खी माळ नाही. आम्ही एक द्यायचो.”

“एकच?”

“हे व्हरमाँट आहे, बाई.”

“मग तुमच्या वडिलांनी—”

“स्टिकनींची गाडी कधी अडकली नाही,” एव्हरेट म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि थर्झाच्याही पडला असावा, कारण तिने हातातली काकडी बशीत ठेवली. आमच्या गावात बर्फगाडी अडकणं ही बातमी होती आणि दुसऱ्याच्या घोड्यांनी ती ओढून काढणं ही कलंकासारखी गोष्ट. एव्हरेटचा बाप होरेस स्टिकनी एक घुंगरू कमी घेऊन घरी आला असेल, तर बायकोला दोनच गोष्टी सांगण्यासारख्या होत्या. मी अडकलो, किंवा लायमनने चोरलं. त्याने सोपी निवडली. आता एव्हरेटपुढे पेच होता. ते घुंगरू आपलं म्हणावं, तर बाप अडकला होता. बाप अडकला नव्हता म्हणावं, तर घुंगरू आपलं नव्हतं.

त्याने पाक संपवला.

“मग ते आमचं नसेलच,” तो म्हणाला. “पाच आहे म्हणतायत तर पाच.”

मिसेस टटलनी किंमत कागदावर लिहून दिली. एका घराण्याची अशी माळ असती तर चारशे डॉलर. ही सरमिसळ आहे म्हणून एकशे दहा, त्यात चामड्याचं काही धरलेलं नाही. थर्झाने कागद न वाचता पर्समध्ये ठेवला. जाताना ती हॉलच्या दारात थांबली आणि मला म्हणाली, “तेवीस वेळा, एल्डन. तेवीस जणांना त्यांनी बर्फातून काढलं आणि घरी एका शब्दाने बोलले नाहीत.” तिच्या आवाजात मी तिसरीत असतानाही कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण इतिहासाच्या माणसाला आधार लागतो. कार्डावर एक ओळ टाकावी, साल टाकावं, म्हणून मी जुन्या ग्रामसभांची इतिवृत्तं काढली. सभा दर मार्चमध्ये भरते आणि तिच्यात कोणी खोकलं तरी नोंद होते.

१९०९ च्या सभेत लायमन ऑर्डवेची नेमणूक सापडली. काम : छपराच्या पुलाला बर्फ घालणे. त्या काळी रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, मोठा लाकडी रूळ फिरवून दाबत, म्हणजे बर्फगाड्यांखालच्या लोखंडी पट्ट्या त्यावरून सरकायच्या. पण पुलाला छप्पर. आत बर्फ पडायचाच नाही. भरधाव आलेली गाडी पुलात शिरली की कोरड्या फळ्यांवर जागच्या जागी खिळायची आणि घोडे तोंडावर यायचे. म्हणून प्रत्येक पुलाला एक माणूस नेमलेला असे. त्याने बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायचा. लायमनचं घर पुलाला लागूनच होतं.

पहिली दहा वर्षं पुलाबद्दल एक अक्षर नाही. मग १९१९. श्री. होरेस स्टिकनी यांनी पूल वारंवार कोरडा का असतो असे विचारले. श्री. ऑर्डवे यांनी ‘वारा’ असे उत्तर दिले. १९२०, तोच प्रश्न, दुसऱ्या माणसाचा. उत्तर : ‘ऊन’. पुलाला छप्पर असल्याकडे कोणीतरी लक्ष वेधल्याचीही नोंद आहे. १९२४ ला उत्तर असं : ‘पुलावर अडकलेली गाडी ओढण्यात गुंतलो असल्यामुळे बर्फ घालण्यास वेळ मिळाला नाही.’ त्यानंतर लायमनची एकमताने फेरनेमणूक, कारण दुसरं कोणी उभं राहिलं नाही.

मी ते पुस्तक दोन दिवस गाडीत ठेवलं. सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. एव्हरेट इतिवृत्तं वाचत नाही. तो अध्यक्ष आहे. पण खरं असेल ते, असं थर्झाने म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी बूट पुसून तिच्याकडे गेलो.

थर्झा बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खूण घातलेली पानं दाखवली. तिने चष्मा बदलून सगळं वाचलं, बोट ओळीखालून फिरवत, मुलांना वाचून दाखवावं तसं.

“वारा,” ती म्हणाली. “ऊन.” पान उलटलं. “हे पगारी काम होतं?”

“हो.”

“आणि सुरुवात एकोणीसला.”

“तक्रारींची. त्याआधी काही नाही.”

ती बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत बसली. उघडून बंद, उघडून बंद.

“आई अठराच्या हिवाळ्यात गेली,” ती म्हणाली. “त्या फ्लूच्या साथीत. मी सहा वर्षांची होते. जरा मोठी झाल्यावर रविवारी सकाळी मी फावडं घेऊन निघायची, पुलावर बर्फ घालायला. बाबा म्हणायचे, राहू दे थर्झा, डोनट गरम करायला ठेव. मी ठेवायची. आमचं स्वयंपाकघर नदीच्या उलट्या बाजूला, तिथून पूल दिसत नाही. तासाभरात कोणीतरी बूट झटकत आत यायचं. कॉफी घ्यायचं. कधी दोघं, कधी अख्खं कुटुंब. बाबा त्या दिवशी बोलायचे. एरवी आठवडाभर घरात शब्द नसायचा.”

“त्यांनी सांगितलं नाही, का आले ते?”

“अडकलो होतो असं पोरीसमोर कोण सांगेल? मला वाटायचं, पाहुणे.” तिने झाकण लावलं. “मला खूप वर्षं वाटायचं, की आमच्याकडे लोकांना यायला आवडतं.”

मी एक बरणी घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळली. इतिहासात एम. ए. केल्याचा अशा वेळी काही उपयोग होत नाही.

“एव्हरेटचे वडील येत होते का?” थोड्या वेळाने मी विचारलं.

“दोनदा. ते डोनट तीन खायचे.”

“एव्हरेटला सांगू?”

“नको. त्याचं वय झालं आहे,” थर्झा म्हणाली. ती त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठी होती.

“मग कार्डावर काय लिहू? काही लिहिलं नाही तरी चालेल. नुसतं ‘घुंगुरमाळ, पितळ’.”

“अट माझी होती. ती मीच मोडली तर मुलांना काय सांगायचं?” तिने हात पुढे केला. मी पेन दिलं. तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलं, फळ्यावर लिहायची त्याच अक्षरात : लायमन ऑर्डवे यांना पुलावर बर्फ घालण्याचे काम होते. ते त्यांनी नीट केले नाही. जे त्यामुळे अडकले त्यांना त्यांनी ओढून काढले व घरी नेऊन खाऊ घातले. त्या लोकांनी दिलेली ही घुंगरे.

“शुद्धलेखन बघ,” ती म्हणाली. “आणि ‘दिलेली’ बदलायचं नाही.”

मंडळाच्या सभेत एव्हरेटने ‘दिलेली’ला हरकत घेतली. त्याचं म्हणणं, ‘घेतलेली’ हवं. तो म्हणाला, रस्ता बंद करून मग वाट दाखवायची आणि वर तिला भेट म्हणायचं, हे बरोबर नाही, आणि मला मनातल्या मनात त्याचं पटलं. मी म्हटलं, डोनट जमेस धरायचे की नाही. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मिसेस टटलनी ठरवलेल्या किमतीवर इतका वेळ गेला नव्हता. खजिनदारबाई म्हणाल्या, वाद नको, ‘जमलेली’ लिहा. मग कोणी दिली नाहीत, कोणी घेतली नाहीत. एव्हरेट तयार झाला. मी थर्झाला फोन केला.

“जमलेली,” ती म्हणाली. पलीकडून बरणी ठेवल्याचा आवाज आला. “म्हणजे कोणी काही केलंच नाही.”

“तसंच दिसतं ते.”

“नाही. बाबांनी केलं. चूक केली आणि नंतर कष्ट केले. ‘दिलेली’ ठेव, नाहीतर माळ रटलंडला येईल आणि मी ती पलंगाखाली ठेवेन.”

एव्हरेटला मी हे फोनवर कळवलं. तो म्हणाला, “ठेव. ती वर्गातही अशीच होती.”

मे महिन्यात तिला न्यायला गाडी आली, त्याच्या आदल्या दिवशी मी तिला हॉलमध्ये आणलं. तिने काचेसमोर उभं राहून कार्ड वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, मी घातलेल्या एका स्वल्पविरामावर बोट ठेवलं, आणि ठीक आहे म्हणाली. जूनमध्ये विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याच्या सांगण्यावरून कपाटांपासून चार फुटांवर दोर बांधला आहे. तिथून कार्ड वाचता येत नाही.